गॉथिक हस्तिदंतशिल्प

सुमारे १२५० ते १४०० या काळात मुख्यतः पॅरिसमध्ये घडलेली, घरी किंवा खासगी प्रार्थनास्थळी भक्तीसाठी ठेवली जाणारी लहान हस्तिदंती शिल्पे. बाळ येशूसह मरियेची मूर्ती, बिजागरीने जोडलेल्या दोन पाट्यांचा द्विपट, तीन पाट्यांचा त्रिपट आणि दारे मिटल्यावर छोट्या देव्हाऱ्यासारखा दिसणारा बहुपट हे त्यातले ठळक प्रकार. विषय बहुतेक दोन घटनाक्रमांतले असतात. एक येशूच्या जन्माचा: देवदूताचा निरोप, गोठ्यातला जन्म, पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांचे वंदन. दुसरा त्याच्या दुःखसहनाचा: शेवटचे भोजन, अटक, फटके, क्रूसावरचा मृत्यू. आरशांची झाकणे, कंगवे आणि मेणाच्या लेखनपाट्याही हस्तिदंताच्या होत. त्यांवर मात्र बहुधा प्रेमप्रसंग दिसतात.

दात आफ्रिकी हत्तीचा. तो तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे भूमध्य समुद्रावरच्या बंदरांत येई. १३व्या शतकात जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जहाजे थेट फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) कापडबाजारापर्यंत जाऊ लागली आणि पॅरिसला मोठे सुळे मिळू लागले. त्याआधी उत्तर युरोपाचे बरेचसे काम वॉलरस या समुद्री प्राण्याच्या दातावर चाले. तो अरुंद, आणि त्याचा गाभा संगमरवरासारखा ठिपकेदार असल्याने फार खोल कोरले की तो गाभा उघडा पडतो.

या शिल्पांत काय शक्य आणि काय अशक्य, हे आधी सुळा ठरवतो. मुळाकडचा साधारण एक तृतीयांश भाग आतून पोकळ असतो, टोकाकडचा भाग भरीव. म्हणून कित्येक मूर्तींच्या तळाशी किंवा पाठीमागे ती पोकळी तशीच दिसते. पाटी सुळ्याच्या लांबीत चिरावी लागते, त्यामुळे तिची रुंदी सहसा १० ते ११ सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. मोठे दृश्य हवे असेल तर दोन पाट्या जोडूनच. क्रूसावरच्या येशूचे पसरलेले हात वेगळे कोरून खुंटीने खांद्यात बसवतात, त्याचे कारणही हेच. पॅरिसच्या सेंत-शापेल या राजवाड्यातल्या प्रार्थनामंदिरातली मरिया (आता लूव्र संग्रहालयात, उंची ४१ सेंटीमीटर) कमरेत किंचित झुकलेली आहे. हा झोक सुळ्याच्या वाकामुळे आला, असे सर्रास सांगतात. ते अर्धेच खरे, कारण त्या काळच्या दगडी मूर्तीही अशाच झुकलेल्या आहेत. कारागिराने सुळ्याचा वाक चालू शैलीच्या कामी लावला, एवढेच म्हणता येईल.

पॅरिसचा राजनियुक्त प्रशासक एत्येन ब्वालो याने सुमारे १२६८ मध्ये नोंदवून घेतलेल्या पॅरिसच्या कारागीरसंघांच्या नियमांत मूर्ती अखंड तुकड्याची असावी, मुकुट आणि क्रूसावरच्या येशूचे हात तेवढे वेगळे चालतील, अशी अट आहे. जोड लपवून गिऱ्हाईक फसवणे सोपे होते, हे त्यावरून कळते.

काम असे चाले. करवतीने बाहेरची साल काढून पाटी चिरायची, तिच्यावर खडू फासून शिशाने आकृत्या रेखाटायच्या. मग सामत्याने भोके पाडून खोल जागा मोकळ्या करायच्या आणि पटाशी व कोरणीने उठाव आणायचा. शेवटी कानस आणि बारीक घासणीची पूड. डोक्यांमागची आणि कमानींखालची जागा पूर्ण पोखरली तर आकृती सुटी दिसते, पण हात, काठी, भाला असे बारीक भाग आधी तुटतात ते तिथेच. बिजागरीसाठी पाटीच्या कडेला खाच करतात. धातू निखळला तरी खाच उरते, आणि एकटी पडलेली पाटी मुळात द्विपटाची होती हे तिच्यावरून ओळखता येते. अनेक द्विपटांत प्रसंग डावीकडून उजवीकडे दोन्ही पाट्यांवरून सलग, आणि खालच्या ओळीपासून वर असे वाचायचे असतात. वरून सुरुवात केली तर क्रूसानंतर अटक येते.

ही शिल्पे पांढरीशुभ्र नव्हती. चेहरे आणि हात मोकळे ठेवून वस्त्रांच्या कडा सोनेरी, अस्तर निळे किंवा लाल, ओठ लाल असे रंगकाम असे. १९व्या शतकात हौशी सफाईत आणि साचे काढताना बराचसा रंग गेला. सोन्याचा वर्ख उडालेल्या जागी कधी कधी चिकटद्रव्याचा तपकिरी डाग तेवढा राहिला आहे.

१४व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे हे काम ओसरले. १४००च्या सुमारास इटलीत एंब्रियाकी कार्यशाळेने हाडाच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी बसवून वेदीमागचे शिल्पपट आणि पेट्या केल्या. हाडाच्या पट्टीवर जेमतेम एका उभ्या माणसाची आकृती मावते, म्हणून त्यांच्या दृश्यांत माणसे ओळीने उभी दिसतात. गोव्यात १७व्या शतकात घडलेला ‘उत्तम मेंढपाळ’ ही निराळी, नंतरची परंपरा: गालावर हात टेकून झोपलेला बाळ येशू, खाली थरांचा डोंगर, त्यावर मेंढ्या आणि झरा, तळाशी गुहेत पहुडलेली येशूची अनुयायी मरिया माग्दालिया. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालयात गोव्याची ख्रिस्ती हस्तिदंती कला पाहता येते.

हस्तिदंताचा मुख्य शत्रू म्हणजे हवेतल्या ओलाव्याचे चढउतार. कोरड्या हवेत तो आक्रसतो आणि लांबीत चिरतो किंवा वाढीच्या थरांवरून सुटतो. पातळ पाटी वाकते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवावी, पाण्याने कधी पुसू नये. अंधारात तो पिवळा पडतो, उजेडात फिका होतो. म्हणून पिवळेपणावरून वय ठरवू नये. नकली माल चहात किंवा तंबाखूच्या पाण्यात बुडवून तसाच पिवळा करतात. खऱ्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषांची जाळी दिसते, हाडात बारीक काळपट रेघा आणि छिद्रे, सेल्युलॉइड या नकली हस्तिदंतासाठी वापरलेल्या प्लास्टिकमध्ये एकसारख्या समांतर रेषा. झीजही पाहावी: हाताळलेल्या मूर्तीचे नाक आणि गुडघे गुळगुळीत होतात, घड्यांच्या खोबणी नाहीत. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती मुद्दाम केलेली. कार्बनकालमापन हत्ती केव्हा मेला एवढेच सांगते. जुन्या दातावर काल कोरलेली मूर्ती त्या कसोटीला उतरते.