चित्रपट-रेल्वे

सोव्हिएत संघात 1932 मध्ये सुरू झालेला फिरता माहितीपट-स्टुडिओ. दिग्दर्शक अलेक्सांद्र मेद्वेद्किन (1900–1989) यांच्या पुढाकाराने रेल्वेच्या तीन डब्यांत चित्रपट तयार करण्याची सगळी सोय बसवण्यात आली होती: फिल्म धुण्याची प्रयोगशाळा, संकलनाची टेबले, कार्टूनपटाचे सामान, छोटा छापखाना, प्रोजेक्टर आणि तीसेक माणसांना दाटीवाटीने राहण्यापुरती जागा. रशियनमध्ये तिला ‘किनोपोयेझ्द’ म्हणत. ‘आज चित्रण, उद्या प्रदर्शन’ हे तिचे ब्रीद होते.

प्रचारासाठी रेल्वे वापरण्याची कल्पना नवी नव्हती. क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात चित्रांनी रंगवलेल्या प्रचारगाड्या पत्रके, वक्ते आणि चित्रपट घेऊन देशभर फिरत; सोव्हिएत माहितीपटकार झिगा व्हेर्तोव्ह यांनीही अशा गाडीवर काम केले होते. मेद्वेद्किन त्या युद्धात लाल सेनेचे सेनानी बुद्योन्नी यांच्या घोडदळात होते आणि सैनिकांसाठी उपहासात्मक नाट्यप्रयोग बसवत. माणसांना त्यांच्याच चुका दाखवून हसवायचे आणि विचार करायला लावायचे, ही रीत त्यांनी पुढे पडद्यावर आणली.

जानेवारी 1932 मध्ये गाडी मॉस्कोहून युक्रेनकडे निघाली. पहिल्या पंचवार्षिक योजनेचे ते शेवटचे वर्ष. नीपर नदीकाठची कारखान्यांची शहरे, क्रिवोय रोगच्या लोखंडखाणी आणि सामुदायिक शेते इथे तिने मुक्काम केले. काम कुठे अडते आहे याची चौकशी करायची, कॅमेरा लावायचा, रातोरात फिल्म धुऊन जोडायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच कामगारांना क्लबात बसवून दाखवायची, असा क्रम असे. चित्रपट मूक होते, एक-दोन रिळांचे. त्यांतल्या मजकुराच्या पाट्या प्रेक्षकांना थेट प्रश्न विचारत. खेळ संपला की सभा भरे आणि चूक कोणाची, ती कोण व कधी दुरुस्त करणार, यावर वाद होई. मागे पडलेल्या कारखान्यांना लाजवण्यासाठी रेंगाळत चालणाऱ्या उंटाचे कार्टून वापरले जाई. पहिल्या वर्षभरात सुमारे 70 लघुपट तयार झाले.

दैनंदिन जीवनाच्या चित्रणाच्या दृष्टीने ‘कसा राहतोस, कॉम्रेड खाणकामगारा?’ हा लघुपट सर्वांत महत्त्वाचा. उत्पादनाचे आकडे बाजूला ठेवून कॅमेरा थेट कामगारांच्या वसतिगृहात शिरतो आणि तिथली घाण, आबाळ आणि व्यवस्थापनाची बेपर्वाई दाखवतो. दिवसभर जमिनीखाली राबलेला माणूस रात्री कुठे पाठ टेकतो, हा प्रश्न सरकारी पैशाने काढलेल्या चित्रपटाने विचारावा, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. समाजवादी प्रचारपटांत घर बहुधा नव्या कोऱ्या सदनिकेच्या रूपात येते: किल्ली हातात पडलेले कुटुंब, खिडकीत फुलझाडे, टेबलावर पांढरा कपडा. इथे घर ही तक्रार म्हणून येते, आणि ज्याची तक्रार आहे तो समोर प्रेक्षकांत बसलेला असतो.

या धैर्याला मर्यादाही होती, आणि ती गंभीर आहे. दोष नेहमी जवळच्या माणसाच्या पदरात पडे: आळशी कामगार, बेफिकीर फोरमन, फार तर स्थानिक व्यवस्थापक. योजनेची उद्दिष्टे मॉस्कोत ठरत, त्यांना हात लावता येत नसे. युक्रेनच्या ज्या मुलखात ही गाडी फिरली, तिथे 1932–33 मध्ये सक्तीच्या धान्यवसुलीमुळे भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे उपासमारीने मेली. त्या वसुलीवर बोट ठेवणे सरकारी गाडीच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणूनच हे लघुपट त्या काळच्या जगण्याचा पुरावा म्हणून वाचताना चौकटीबाहेर काय राहिले हेही ध्यानात घ्यावे लागते. जे चौकटीत आले ते मात्र खरे आहे, आणि तेवढेही इतर वृत्तपटांत क्वचितच सापडते.

1934 मध्ये समाजवादी वास्तववाद, म्हणजे समाजवादी जीवनाचे आशादायी, आदर्श चित्र रंगवणे, हे कलेचे अधिकृत धोरण झाले आणि अशा टीकेची जागा आणखी आक्रसली. प्रवासात पाहिलेल्या खेड्यांचा अनुभव मेद्वेद्किन यांनी ‘सुख’ (1935) या मूक विनोदी कथापटात वापरला. त्यांचा ‘नवे मॉस्को’ (1938) हा चित्रपट प्रदर्शित होऊ दिला गेला नाही.

गाडीवरचे लघुपट दीर्घकाळ नष्ट झाले असे मानले जाई. त्यांतले काही पुढे अभिलेखागारात सापडले. ते सापडण्याआधीच प्रयोगाची कीर्ती फ्रान्समध्ये पोचली होती. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांनी 1971 मध्ये या गाडीवर माहितीपट केला. त्याआधी, 1967 च्या संपानंतर, बेझांसाँच्या कापड-धाग्याच्या कारखान्यातले कामगार स्वतः कॅमेरा चालवायला शिकले आणि त्यांनी आपल्या गटाला मेद्वेद्किन यांचेच नाव दिले. पुढे सोशो येथील मोटार कामगारांचाही असा गट तयार झाला. पाळीचे काम, घरभाडे, थकवा आणि रविवारची सुट्टी हे त्यांच्या चित्रपटांचे विषय. इथे मॉस्कोहून येणारी गाडी नव्हती; कॅमेरा कामगारांच्याच हातात होता, आणि दोष कोणाचा हे ठरवायलाही तेच मोकळे होते.