काळं शू-मम

चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा बरोबर एक वर्षाचा झाला, तेव्हा त्याने खाण्यासाठी स्वतःचाच एक शब्द काढला: ‘मम’. मराठी घरात तो कुणालाही कळला असता, आपलं ‘मंमं’ त्याचं सख्खं भावंडच. पुढे साखर झाली ‘शू-मम’. ‘ब्लॅक’ शब्द आल्यावर ज्येष्ठमधाच्या काळ्या मिठाईला नाव पडलं ‘ब्लॅक-शू-मम’. काळं-साखर-मंमं! बापाने टिपून ठेवलेल्या या गमती १८७७ साली, तब्बल ३७ वर्षांनी, ‘माइंड’ या नियतकालिकात छापून आल्या.

माझीही अशी एक वही आहे. लेकीचे शब्द मोजायला ती सुरू केली होती. साधारण दीड वर्षाच्या सुमारास पन्नासेक शब्द येतात असं वाचलं होतं (मुलामुलांत फरक पुष्कळ, तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना नको). पण मोजणी लवकरच सुटली. खरी मजा चुकांमध्ये निघाली.

तिच्या लेखी गाय, शेळी, चित्रातला सिंह, सगळे ‘भूभू’. मला वाटलं, हिला फरकच कळत नाही. मग विचारलं, “हम्मा कुठंय?” बोट थेट गायीवर! ओळख पक्की होती, तोंडात शब्द तेवढा एकच होता. समज बोलण्याच्या पुढे धावते ती अशी. २०१२च्या एका अभ्यासात तर सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनी पदार्थाचं किंवा अवयवाचं नाव ऐकताच नजर योग्य चित्राकडे वळवली. पहिला शब्द उच्चारायला अजून कित्येक महिने होते.

शब्द पकडायची त्यांची चपळाईही पाहण्यासारखी. १९७८ साली सूझन कॅरी आणि एल्सा बार्टलेट यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर दोन ट्रे ठेवले, एक निळा, दुसरा शेवाळी हिरवा. मग सहज सांगितलं, “क्रोमियम रंगाचा ट्रे आण, निळा नको.” मुलांनी बरोबर ट्रे आणला. निळा ओळखीचा, म्हणजे उरलेला क्रोमियम, एवढा तर्क पुरला. एकदाच कानावर पडलेल्या त्या शब्दाची खूण पुढेही बऱ्याच जणांच्या मनात राहिली होती.

त्यानंतर येतं व्याकरण. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी एका काल्पनिक प्राण्याला ‘वग’ नाव दिलं. दोन प्राणी दाखवताच इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनी अनेकवचन केलं ‘वग्ज’. हा शब्द कुणी कधी ऐकलेला नव्हता, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नाही. मुलांच्या डोक्यात नियमच बसलेला होता.

आमच्याकडे असाच एक नियम नको तिथे लागला. आधी लेक नीट ‘बाबा आला’ म्हणायची, ऐकलं तसं. मग अचानक ‘बाबा येला’. घरात हळहळ, मी मात्र खूश. बसला, हसला, पडला, मग येला का नाही? ‘केलं’चंही ‘करलं’ झालं. ऐकीव रूप सोडून तिने स्वतः शब्द घडवला होता.

महिनाभर दारात ‘येला’ ऐकलं. परवा ती स्वच्छ ‘आला’ म्हणाली. दोन दिवस मुद्दाम पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन आलो, पण ‘येला’ काही परत येला नाही.