नववाचकांसाठी प्राण्यांच्या विनोदी गोष्टी

नुकतेच स्वतः वाचू लागलेल्या, साधारण पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या या छोट्या गोष्टींत प्राणी घर चालवतात: अंथरूण घालतात, कपडे वाळवतात, किल्ली हरवतात. नीतिकथेतल्या प्राण्यांसारखे ते एखाद्या गुणाचे वा दुर्गुणाचे प्रतिनिधी नसतात आणि शेवटी तात्पर्यही नसते. प्राणीच का, याचे कारण सोयीचे आहे. मूल एकटे राहते, स्वयंपाक करते असे लिहिले, तर आईवडील कुठे आहेत हा प्रश्न येतो. अस्वलाबाबत तो कोणी विचारत नाही. मोठ्यांचे स्वातंत्र्य आणि लहानांचा स्वभाव एकाच पात्राला देता येतो.

इंग्रजीत १९५७ हे वर्ष महत्त्वाचे. एल्स मिनारिक यांचे ‘लिटल बेअर’ आणि डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ त्याच वर्षी निघाले. दुसऱ्यात वेगवेगळे शब्द अवघे २३६ आहेत.

मराठीत शब्दसंख्येपेक्षा लिपी जास्त अडवते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी दिसते पण नंतर उच्चारली जाते, रफार पुढच्या अक्षरावर बसतो, घ-ध आणि भ-म यांत गल्लत होते. बदक, मगर, ससा, कासव लवकर वाचता येतात; हत्ती, कुत्रा, अस्वल यांत जोडाक्षर आहे. तरी हत्ती टाळू नये. पानोपानी येणारा शब्द मूल पाहताक्षणी ओळखू लागते. खरी अडचण एकदाच येणाऱ्या ‘आश्चर्यचकित’सारख्या शब्दाची. एकाच गोष्टीत घना आणि धना ही नावेही नकोत.

विनोदासाठी वाचणाऱ्याला पात्राहून थोडे अधिक कळायला हवे. हत्ती टबात बसला. पाणी बाहेर गेले. हत्ती उठला. टब रिकामा! हत्तीने पाणी भरले. हत्ती टबात बसला... तिसऱ्या खेपेला पुढचे वाक्य मुलाला आधीच ठाऊक असते, आणि ते खरे ठरण्यातच सगळी मजा आहे. तेच शब्द पुन्हा वाचण्याचा सरावही आपोआप होतो. श्लेष आणि उपरोध मात्र फसतात, कारण अक्षरे जुळवण्यात गुंतलेल्या मुलाला दुसरा अर्थ धरता येत नाही. चित्राने गंमत आधीच फोडली तर वाचायला कारणच उरत नाही. सांडलेले पाणी पान उलटल्यावर दिसावे.

वाक्य तीन ते सहा शब्दांचे, पानावर दोन ते चार ओळी, अक्षर ठसठशीत. ‘लाल टोपी’ दोन ओळींत तोडू नये. संवादात ‘ससा म्हणाला’ आधी यावे. नंतर आले तर कोण बोलले हे कळायला मूल मागे जाते आणि लय तुटते.

छापण्यापूर्वी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त ठिकाणी अडखळले तर मजकूर कठीण आहे. मोठ्या माणसाने पुन्हा वाचून दाखवल्यावरच हसू येत असेल, तर विनोद तसाच ठेवून वाक्ये सोपी करावीत.