ड्युला हॉर्न आणि कुंपणाची ती कात्री

हंगेरीचे परराष्ट्रमंत्री ड्युला हॉर्न आणि ऑस्ट्रियाचे आलॉइस मॉक हातात कात्र्या घेऊन दोन्ही देशांच्या सीमेवरची काटेरी तार कापताहेत, हा फोटो तुम्ही पाहिला असेल. खाली ठरलेली ओळ असते: ‘हॉर्न यांनी सीमा उघडली तो क्षण.’

तो क्षण तो नव्हे. फोटो २७ जून १९८९ चा आहे. कम्युनिस्ट राजवटीतून लोकांनी पश्चिमेकडे पळून जाऊ नये म्हणून उभारलेलं हे कुंपण उतरवायला २ मे रोजीच सुरुवात झाली होती आणि तेव्हा हॉर्न मंत्रीही नव्हते. ते झाले १० मेला. निर्णय पंतप्रधान मिक्लोश नेमेथ यांच्या सरकारचा. सीमेवरची विजेची यंत्रणा इतकी जुनाट झाली होती की जनावर धडकलं तरी इशारा वाजायचा. नेमेथ यांनी तिच्या देखभालीचे पैसेच अंदाजपत्रकातून काढून टाकले, आणि मार्चमध्ये मॉस्कोत सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या कानावरही घातलं.

तार कापली तरी पहारा होताच. ऑगस्टमध्ये पळून जाऊ पाहणारा एक पूर्व जर्मन माणूस सीमेवरच्या झटापटीत गोळी लागून मारला गेला. हे विसरून नुसता फोटो फिरवणं मला त्या माणसावर अन्याय वाटतो.

हॉर्न यांचं श्रेय मात्र खरं आहे, फक्त तारीख वेगळी. एकमेकांच्या नागरिकांना पश्चिमेकडे जाऊ द्यायचं नाही असा पूर्व जर्मनीशी १९६९ चा करार होता, तो बाजूला ठेवला गेला. १० सप्टेंबरच्या संध्याकाळी हॉर्न यांनी टीव्हीवर जाहीर केलं की पूर्व जर्मनांना मध्यरात्रीपासून ऑस्ट्रियात जाता येईल. त्यानंतर हजारो लोक गेले.

१९९४ ते १९९८ ते पंतप्रधान होते. १९५६ च्या हंगेरीतल्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या उठावानंतर सरकारी सशस्त्र दलात काम केल्याबद्दल देशात त्यांच्यावर शेवटपर्यंत टीका झाली.