स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया: प्रादेशिक भूल आणि हलकी गुंगी

स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी बहुतेक वेळा पूर्ण भूल दिली जाते आणि ती सुरक्षित असते. मात्र ज्यांचे वय जास्त आहे, ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार आहे, अथवा मागच्या ऑपरेशननंतर ज्या उलट्यांनी हैराण झाल्या होत्या, अशा रुग्णांच्या बाबतीत छातीचा तेवढाच भाग बधिर करून आणि जोडीला हलकी गुंगी देऊन शस्त्रक्रिया करता येते का, हे आम्ही तपासणीच्या वेळी आवर्जून पाहतो.

स्तनाच्या त्वचेची संवेदना प्रामुख्याने पाठीच्या कण्यातून निघून बरगड्यांच्या फटींतून पुढे येणाऱ्या नसा वाहून नेतात. या नसा मणक्याच्या बाजूलाच गाठून बधिर करण्याच्या पद्धतीस पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक म्हणतात. ती 1905 पासून ज्ञात आहे, मधली काही दशके मागे पडली होती, आणि आता सोनोग्राफीच्या मदतीने सुईचे टोक पडद्यावर पाहत दिली जाते. आपल्याला बसवून किंवा कुशीवर वळवून पाठीवर पेनाने खुणा केल्या जातात. प्रथम बारीक सुईने त्वचा बधिर करून मग रोपिवाकेन किंवा बुपिवाकेनसारखे औषध सोडले जाते, त्या वेळी पाठीत दाब जाणवतो. पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला आणि मग छातीला लावून विचारतो. ‘ओले लागते, पण गार लागत नाही’ असे उत्तर आले की औषध लागू पडले असे समजावे.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. छातीच्या स्नायूंच्या नसा मानेकडून येतात, त्यामुळे काखेतील गाठी काढताना किंवा स्नायू बाजूला ओढताना ताण जाणवू शकतो. त्यासाठी स्नायूंच्या थरांमध्ये वेगळे इंजेक्शन द्यावे लागते किंवा सर्जन तेथेच थोडे औषध टोचतात.

‘मला सगळे कळेल का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारते. मिडाझोलाम, प्रोपोफोल किंवा डेक्समेडेटोमिडीन यांपैकी औषध शिरेतून बेताने दिले जाते. आपण डुलकी लागल्यासारख्या असता, श्वास आपला आपण घेता, आणि नाव घेऊन हाक मारली की ओ देता. मधले बोलणे कानावर पडू शकते, पण पुष्कळांना नंतर ते आठवत नाही. रक्तदाब, नाडी, प्राणवायूची पातळी आणि श्वास यांवर भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ लक्ष ठेवतात. दुखले तर निःसंकोच सांगावे, सोसत राहू नये. ब्लॉक अपुरा पडल्यास पूर्ण भूल देण्याची तयारी शेजारीच असते.

या पद्धतीने कर्करोग पुन्हा उद्भवत नाही, असे काही ठिकाणी सांगितले जाते. आम्ही तसे सांगत नाही. 13 रुग्णालयांतील 2,000 हून अधिक स्त्रियांचा जो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ब्लॉक दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन्ही गटांत कर्करोग परतण्याचे प्रमाण सारखेच, सुमारे 10 टक्के होते. खरा लाभ आहे तो सुरुवातीच्या काही तासांत वेदना कमी होण्याचा, आणि त्यामुळे मॉर्फिनसारखी औषधे व मळमळ कमी होण्याचा.

धोके थोडे आहेत, पण आहेत. रक्तदाब उतरणे, काही काळ एका बाजूची पापणी जड होणे, आणि क्वचित फुप्फुसाभोवती हवा शिरणे, हे त्यांतले प्रमुख होत. औषध रक्तात जास्त गेल्यास ओठ बधिर होतात, जिभेवर धातूची चव येते किंवा कानांत घणघण होते. असे काही वाटताच लगेच सांगावे.

गुंगी हलकी असली तरी उपाशी राहण्याचा नियम तोच आहे. हलके खाणे 6 तास आणि साधे पाणी 2 तास आधी बंद करावे. जड, तेलकट जेवणाला त्याहून अधिक अवधी लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास पहिल्या भेटीतच सांगाव्यात, मनाने बंद करू नयेत. घरी गेल्यावर बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण भाजलेले कळत नाही. बधिरता काही तासांनी, बहुधा रात्रीच्या सुमारास, उतरते. म्हणून दुखू लागण्याची वाट न पाहता वेदनाशामक गोळी लिहून दिलेल्या वेळी घ्यावी.