भातावरची कीड आमच्याकडे सोपवण्याआधी

कीड नियंत्रणाचं काम बाहेर द्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "फवारण्या किती करणार?" तो आकडा आम्ही आधी सांगत नाही. आमचा ठराव हंगामाचा आणि एकराप्रमाणे असतो. फवारण्या वाढल्या म्हणून आमचे पैसे वाढत नाहीत, आणि औषधं आम्ही विकतही नाही. ज्याची कमाई औषधाच्या लिटरवर, त्याच्या हातून औषध कमी होणं अवघड. सेवा कोणाचीही घ्या, पण हे आधी विचारून घ्या.

लावणीनंतर दर आठवड्याला आमचा माणूस खाचरात उतरतो. बांधावर उभं राहून तुडतुडे, म्हणजे भाताचा रस शोषणारे बारीक किडे, दिसत नाहीत. ते बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतात. म्हणून शेतात तिरपं चालत वेगवेगळ्या ठिकाणचे चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचे झुबके, वाकून पाहावे लागतात. फुटव्यांच्या काळात चुडाला सरासरी 10 तुडतुडे होईपर्यंत आम्ही पंप काढत नाही. खोडकिडीसाठी 5 टक्के गाभेमर (मधला पोंगा सुकलेले फुटवे) किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज ही मर्यादा धरतो. कोळी, चतुर, ढालकिडे, मिरीड ढेकूण हेही मोजतो, कारण ते किडींना खातात, आणि भरपूर असतील तर थांबायला हरकत नसते.

खरी घाई होते ती पहिल्या चाळीस दिवसांत. गुंडाळलेली पानं दिसली की जीव खालीवर होतो, हे आम्ही जाणतो. पण त्या वयात भात नवी पानं आणि फुटवे काढून ती झीज बहुतेक भरून काढतो. उलट लवकर मारलेल्या औषधानं कोळी मरतात. तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात आणि पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. तुडतुड्यांचा असाच उद्रेक सोसल्यावर इंडोनेशियानं 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. फवारण्या घटल्या, भाताचं उत्पादन घटलं नाही.

मर्यादा ओलांडली तर मात्र आम्ही रेंगाळत नाही. शक्य असेल तिथे फक्त लागण झालेल्या भागात, झोत बुंध्याकडे ठेवून फवारतो. त्याच गटाचं औषध लागोपाठ वापरत नाही. औषधाचं नाव, मात्रा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे लिहून देतो.

शेजारच्या खाचरांनीही एकत्र ठराव केला तर उत्तम. तुडतुड्यांना बांध अडवत नाही, आणि सलग क्षेत्र असलं की पाहणीही नीट होते.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्या, कारण जास्त नत्रानं कोवळं झालेलं पीक तुडतुड्यांना फार मानवतं. आणि शंका आली तर स्वतः फवारण्याआधी आम्हाला फोन करा. ठरावाला येताना भाताचं वाण, लावणीची तारीख आणि मागच्या हंगामात वापरलेल्या औषधांची नावं लिहून आणा. रिकाम्या डब्यांवरची लेबलं आणलीत तरी चालेल.