कानात गाणं, हातात रोबोट

भाचा न्यू जर्सीत शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये आहे, ड्रायव्हर, म्हणजे मॅचमध्ये रोबोट चालवणारा. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर विचारत होता, मामा, मॅचच्या वेळी एका कानात गाणी लावली तर काय बिघडतं, मला बरं वाटतं, हात थरथरत नाहीत. म्हटलं थांब, बघतो.

ही 'फर्स्ट' नावाच्या अमेरिकन संस्थेची शाळकरी पोरांसाठीची रोबोट स्पर्धा. तीन रोबोट विरुद्ध तीन, मॅच जेमतेम अडीच मिनिटांची. सुरुवातीचे काही सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर पळतो, मग पोरं कंट्रोलर हातात घेतात. पारदर्शक भिंतीमागे दोघं उभे, एक चाकं सांभाळतो, दुसरा रोबोटचा हात, आणि शेजारी कोच ओरडत असतो, "डावीकडून येतोय! तीस सेकंद!" हॉलमध्ये लाउडस्पीकरवर गाणी दणदणत असतातच, ती काय बंद करता येत नाहीत, प्रश्न कानातल्या गाण्याचा आहे.

आता ओटीपी आठवा. ४७३९१६ वाचला की दुसऱ्या ॲपमध्ये टाकेपर्यंत आपण तो मनातल्या मनात घोकतो, आणि नेमकं तेव्हाच शेजारी कोणी बडबडायला लागलं की गेला. कोचने सांगितलेल्या तीन गोष्टी ड्रायव्हर असाच घोकत असतो. १९७६ साली कोल आणि वेल्श या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अक्षरं दाखवून क्रमाने लक्षात ठेवायला लावली आणि मागे जर्मन वाचन लावून दिलं, तर जर्मनचा गंध नसलेल्यांच्याही चुका वाढल्या! म्हणजे शब्द कळायचीही गरज नाही, आवाज सारखा बदलत राहिला की पुरे. बरं, आवाज बारीक केला तरी फारसा फायदा होत नाही असं पुढच्या प्रयोगांत दिसलं, हे मला खरंच पटायला वेळ लागला. नुसत्या वाद्यांपेक्षा गायलेलं गाणं जास्त नडतं, हे सालामे आणि बॅडली यांनी १९८९ मध्ये दाखवलं. म्हणून "इंग्लिश नको, कोरियन लावतो" ही भाच्याची आयडिया बाद.

दुसरं म्हणजे रोबोट बोलतो. चाक अडकलं की मोटर गुरगुरते, चेन दात सोडून उडाली की कट्कट् होतं, आणि आवाजाला आपण प्रकाशापेक्षा काही मिलिसेकंद लवकर रिॲक्ट होतो. मोठ्या आवाजातला बेस त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीतले आवाज झाकून टाकतो, त्यात हे बारीक आवाज आधी जातात, आणि एकच इअरबड लावला तरी आवाज कुठून आला हे कळायला लागणारे दोन कान उरत नाहीत.

पण हात थरथरत नाहीत हे तो खोटं सांगत नव्हता. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिलं होतं, सोप्या कामात जोरदार झटका चालतो, अवघड कामात मात्र मध्यमच बरा, आणि अंगातल्या चेवाचंही तसंच, असं पुढे मानलं गेलं. आवडत्या गाण्याने मूड आणि चेव दोन्ही वरखाली करता येतात, फक्त ते मॅचच्या आधी करायचं. घाबरला असेल तर संथ, झोपाळला असेल तर ढिनच्याक.

आता भाचा रांगेत उभा राहून ऐकतो आणि रोबोट मैदानात ठेवायला उचलला की इअरबड्स मित्राच्या खिशात. रोबोटला नवीन बॅटरी लावली का, हे मात्र अजून कोणीतरी ओरडूनच विचारावं लागतं.